उलाळ

सहलींसाठी गाडीमागे ओढायचा, आत राहता येईल असा ट्रेलर घ्यायचं ठरलं तेव्हा मी सगळ्यात आधी पलंगांची लांबी मोजत बसले होते. आई-बाबांचा पलंग कायमचा मांडलेला हवा, रोज रात्री टेबल मोडून गादी अंथरायची वेळ नको. ओट्यापाशी मान न वाकवता उभं राहता आलं पाहिजे. रात्री आईला उठावं लागलं तर दार उघडून अंधारात उतरावं लागू नये. अशी पानभर यादी झाली. बाबांची सगळी नोकरी फिटर म्हणून कारखान्यात गेली. त्यांनी यादी शांतपणे वाचली, घडी घालून माझ्या हातात परत दिली आणि म्हणाले, "अगं, हे सगळं आत बसल्यावरचं झालं. ओढायचं कुणी?"

ओढणारी गाडी घरात होतीच. साधारण 1,650 किलोची, पाच जणांची. तिच्या पुस्तिकेत लिहिलं होतं की स्वतःचे ब्रेक असलेला ट्रेलर 1,600 किलोपर्यंत ओढता येतो. मला वाटलं, झालं की मग. पण बाबांनी ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरची पट्टी वाचायला लावली. तिथे आकडा होता 480 किलो. त्यात गाडीत बसणारी माणसं आली, डिकीतलं सामान आलं आणि ट्रेलरचं जेवढं वजन हिचवर, म्हणजे ट्रेलर अडकवायला गाडीच्या मागे बसवतात त्या जोडणीवर, टेकतं तेवढंही आलं. हे शेवटचं मला माहीतच नव्हतं. ट्रेलर आपल्या चाकांवर उभा असतो आणि गाडी त्याला नुसती ओढते, एवढीच माझी समजूत होती.

एका ॲक्सलचा, म्हणजे चाकांची एकच जोडी असलेला ट्रेलर हा खरं तर तराजूच. चाकं हा टेकू. पुढचं टोक, ज्याला बाबा ट्रेलरचं नाक म्हणतात, ते गाडीच्या हिचवरच्या लोखंडी गोळ्यावर, म्हणजे बॉलवर, टेकलेलं असतं आणि तिथे किती भार यावा हे मालकाने ठरवायचं असतं. अमेरिकी पद्धतीच्या ट्रेलरसाठी एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार नाकावर हवा असं सांगतात. युरोपातल्या कॅराव्हॅनसाठी 5 ते 7 टक्के धरतात, कारण तिकडच्या ट्रेलरांची घडणही वेगळी आणि ओढण्याचा वेगही बांधलेला. आम्ही पाहत होतो ते सगळे पहिल्या जातीचे. आमच्या गाडीला बसणाऱ्या हिचची नाकावरच्या वजनाची मर्यादा होती 160 किलो. हे आकडे बाबांनी एका वहीत लिहिले. ती वही पुढे फार कामाला आली.

नवा ट्रेलर परवडत नव्हता, म्हणून वापरलेला शोधायला लागलो. पहिला जो आवडला तो आतून इतका छान होता की आई पडद्यांचे रंग ठरवायला लागली होती. भिंतींना नवा कागद, गाद्यांना नवी अभ्रं, आत शिरताच अत्तराचा वास. बाबा लगेच आत गेलेच नाहीत. त्यांनी बाहेरून चारही कोपऱ्यांच्या पट्ट्या पाहिल्या, शिडी मागून छत पाहिलं, मग आत येऊन पलंगाची गादी उचलली आणि खालच्या पेटीत, अगदी पुढच्या कोपऱ्यात, अंगठा दाबला. अंगठा आत गेला. भिजलेल्या पुठ्ठ्यात जावा तसा. वरून नवा कागद, आणि मागची प्लायवुड कुजून काळी पडलेली.

छोट्या ट्रेलरांच्या भिंती म्हणजे लाकडाच्या पातळ चौकटीवर ॲल्युमिनियमचा पत्रा किंवा फायबरचा थर. पाणी शिरतं ते छताच्या सांध्यांतून, खिडक्यांच्या कोपऱ्यांतून, दिव्यांच्या आणि हवेच्या झडपेच्या कडांमधून. तिथे भरलेलं सीलंट उन्हाने तडकतं. एक थेंब रोज शिरला तरी दोन-तीन वर्षांत चौकट गेली. आत बसणाऱ्याला ते दिसत नाही, कारण पाणी भिंतीच्या पोटातून खाली उतरतं आणि जमिनीपाशी साठतं. म्हणून वास घ्यायचा तो कपाटं उघडून, आणि दाबून बघायचं ते दाराच्या उंबऱ्यापाशी, खिडकीखाली, पलंगाखालच्या कोपऱ्यांत. फायबरची भिंत असेल तर संध्याकाळी टॉर्च भिंतीला चिकटवून तिरपा प्रकाश टाकायचा. थर सुटला असेल तर फुगवटे लगेच दिसतात. त्यानंतर ओलावा मोजायचं छोटं यंत्र आम्ही विकत घेतलं. लाकडात 15 टक्क्यांच्या आत आकडा असला की मी निश्चिंत व्हायचे, 20 च्या वर गेला की आम्ही आभार मानून निघायचो. असे चार ट्रेलर सोडले. आईला वाईट वाटायचं, मला कंटाळा यायचा, बाबा मात्र प्रत्येक वेळी तितक्याच उत्साहाने शिडी मागायचे.

पाचवा आमचा. आतली खोली 4.2 मीटर, पुढचा त्रिकोणी सांगाडा धरून साडेपाच मीटरच्या आत. रिकामं वजन 780 किलो, भरून जास्तीत जास्त 1,200. दिसायला साधा, भिंती पिवळट, ओट्याचा एक कोपरा उडालेला. पण सगळीकडे कोरडा. मालकीणबाईंनी दर वर्षी छताचं सीलंट कधी केलं त्याच्या तारखा कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवल्या होत्या. त्या तारखा पाहिल्या आणि माझा निर्णय तिथेच झाला.

फक्त टायरवरून थोडी बोलाचाली झाली. नक्षी खोल होती, रबर काळंभोर, आणि मालकीणबाई मनापासून सांगत होत्या की टायर अजून नवेच आहेत. बाबांनी गुडघे टेकून टायरच्या बाजूवर लिहिलेले चार आकडे शोधले. त्यातले पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायर नऊ वर्षांचे निघाले. ट्रेलरचे टायर झिजून जात नाहीत, उभे राहून जातात. महिनोन् महिने एकाच जागी भार, वरून ऊन, आणि रबर आतून सुकत जातं. बाईंचा काही दोष नव्हता, त्यांनी नक्षीच पाहिली होती. दोन नवे टायर आणि स्टेपनी एवढी रक्कम त्यांनी किमतीतून कमी केली, आणि आम्ही ट्रेलर घरी न्यायच्या आधीच टायर बदलले. कागदपत्रांचं काम एका दुपारी झालं. सांगाड्यावर कोरलेला क्रमांक कागदावरच्या क्रमांकाशी जुळतो की नाही हे स्वतः वाचून पाहायचं, बाकी त्यात सांगण्यासारखं काही नाही.

गाडीला हिच बसवून घेतली तेव्हा बॉलच्या मापाचा घोळ होता होता राहिला. अमेरिकी मापात बॉल साधारणपणे तीन व्यासांत येतो. 1⅞, 2 आणि 2⁵⁄₁₆ इंच. लहान बॉलवर मोठ्या मापाचा कपलर, म्हणजे ट्रेलरच्या नाकावरची बॉल पकडणारी वाटी, आरामात बसतो, बसल्यासारखा दिसतोही, आणि पहिल्या खड्ड्यात उडतो. माप बॉलवर कोरलेलं असतं आणि कपलरवरही. दोन्ही वाचायची. बॉलची उंचीही अशी हवी की भार आल्यावर ट्रेलर सपाट उभा राहील. नाक वर गेलं की भार मागे सरकतो.

ब्रेकचा भाग मला सगळ्यात आवडला, कारण तो समजल्यावर भीती कमी झाली. आमच्या ट्रेलरच्या चाकांत विजेवर चालणारे ब्रेक आहेत. गाडीत स्टिअरिंगच्या खाली एक छोटा कंट्रोलर लावला. गाडी किती जोरात थांबते आहे हे ओळखून तो ट्रेलरच्या ब्रेकला तेवढीच वीज देतो. त्यावर हाताने दाबायची एक खिट्टीही आहे, तिने फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात. मोकळ्या रस्त्यावर चाळीसच्या वेगात ही खिट्टी पूर्ण दाबून पाहायची. चाकं घासत अडकली तर जोर कमी करायचा, ट्रेलर जेमतेम ओढ घेत असला तर वाढवायचा. शिवाय एक पातळ तार ट्रेलरपासून गाडीला अडकवलेली असते. ट्रेलर सुटलाच तर ती तार पिन उपसते आणि ट्रेलरच्या स्वतःच्या बॅटरीवर त्याचे ब्रेक लागतात. म्हणजे ती बॅटरी भरलेली नसेल तर तार नुसती शोभेची. आणि दोन साखळ्या कपलरखालून एकमेकींना ओलांडून लावायच्या, कपलर निसटला तर नाक जमिनीवर आपटण्याऐवजी साखळ्यांच्या झोळीत पडतं.

सरावासाठी सुट्टीच्या दिवशी रिकामं पार्किंग गाठलं. पुढे जाणं सोपं. वळण मोठं घ्यायचं, कारण ट्रेलरची चाकं गाडीपेक्षा आतून जातात. मागे घेणं मात्र पहिले दोन तास डोक्यात शिरेना. गाडी डावीकडे वळवली की ट्रेलर उजवीकडे जातो. मग बाबांनी सांगितलं, हात स्टिअरिंगच्या तळाशी धर आणि ट्रेलरचा मागचा भाग जिकडे न्यायचा तिकडेच हात सरकव. एवढ्याने निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं म्हणजे हळू. छोटा ट्रेलर मोठ्यापेक्षा कठीण, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. बॉलपासून चाकांपर्यंतचं अंतर कमी, त्यामुळे स्टिअरिंग जरा फिरवलं की तो झटकन कोनात जातो आणि क्षणात गाडीला काटकोनात येतो. कोन वाढायला लागला की हट्ट करायचा नाही, पुढे घेऊन सरळ करायचं आणि पुन्हा सुरुवात करायची. खुणांचाही नियम ठरला. बाबा मला आरशात दिसतील तिथेच उभे राहणार, आणि ते दिसेनासे झाले की मी थांबणार.

पहिली सहल दोन दिवसांची होती, जवळची. सामान थोडं, पाण्याची टाकी रिकामी, रस्ता सपाट, वेग सत्तरच्या खाली. ट्रेलर मागे आहे हे विसरायला झालं. त्या सुखात मी पुढच्या सहलीचं सामान भरलं.

यावेळी दहा दिवस जायचं होतं. टाकी भरून घेतली, 75 लिटर. ती ट्रेलरच्या चाकांच्या थोडी मागे आहे. मागच्या बंपरवर सायकलींचा स्टँड लावला, त्यावर माझी आणि बाबांची सायकल. बाबांची हत्यारांची लोखंडी पेटी, 25 किलोची, मागच्या कप्प्यात, कारण तो कप्पा बाहेरून उघडतो आणि सोयीचा पडतो. सगळं नीट बांधलं, काही हलणार नाही याची खात्री केली. भरलेल्या ट्रेलरचं वजन मी मनात हजारभर धरलं होतं. मर्यादा 1,200 ची. नाकावरचं वजन पहिल्या सहलीआधी मोजायचं ठरलं होतं, ते राहून गेलं होतं.

लांब उतार होता, सरळ रस्ता, तीन पदरी. वेग 88. डावीकडच्या पदरात मी, आणि एक मोठा ट्रक मागून येऊन बाजूने पुढे गेला. ट्रकच्या तोंडापुढची हवा आधी ट्रेलरला बाहेर ढकलते, मग ट्रक पुढे सरकताना आत ओढते. एक हलका धक्का बसला. मग दुसरा, थोडा मोठा. आरशात ट्रेलरची उजवी बाजू दिसली, मग डावी, मग पुन्हा उजवी. स्टिअरिंग हातात हलकं झालं होतं, जणू पुढची चाकं कुठल्याच कामाची नाहीत. गाडीचं मागचं टोक ट्रेलरबरोबर झुलायला लागलं. मागच्या सीटवरून आई म्हणाली, "अहो, हे काय होतंय?" आणि बाबा अगदी खालच्या आवाजात मला म्हणाले, "पाय काढ. ब्रेक नको. खिट्टी."

मी ॲक्सलरेटरवरचा पाय काढला. स्टिअरिंग सरळ धरलं, ट्रेलरच्या मागे मागे फिरवलं नाही. हे फार अवघड गेलं, कारण हात आपोआप उलटं वळवायला जातात आणि प्रत्येक वेळी अर्धा क्षण उशिरा जातात, त्याने झोका वाढतो. उजव्या हाताने कंट्रोलरची खिट्टी दाबली. ट्रेलरने मागून खेचलं, दोरी ताणली जावी तसं सगळं सरळ झालं. दोन झोके आले, आधीपेक्षा लहान, आणि थांबले. सगळं मिळून आठ-दहा सेकंद झाले असतील. गाडीचा ब्रेक दाबला असता तर गाडी हळू झाली असती आणि ट्रेलर मागून ढकलत राहिला असता, आणि तो सरळ नसताना ढकलतो तेव्हा गाडीला आडवी करतो.

रस्त्याकडेच्या विश्रांतीच्या जागी थांबलो. मी खाली उतरले तर पाय लटपटत होते. आईने माझा हात धरून ठेवला. बाबा ट्रेलरभोवती एक फेरी मारून आले, मागच्या सायकलींपाशी थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "अगं, आपण उलाळ भरलाय."

हा शब्द मी कितीतरी वर्षांनी ऐकला. बैलगाडीत ओझं मागे जास्त झालं की गाडी उलाळ होते. धुरा वर उचलते, जू बैलांच्या मानेवर टेकायच्या ऐवजी वर जातं आणि पट्टा गळ्याला फास लावतो. बैल चालत नाही. गाडी भरणाऱ्याने सगळ्यात आधी हे बघायचं असतं. बाबांना हे लहानपणापासून ठाऊक होतं, मलाही शब्द माहीत होता, आणि तरी दोघांनीही सामान भरताना फक्त किती भरलं ते पाहिलं, कुठे भरलं ते नाही.

सायकली गाडीच्या आत आडव्या टाकून, टाकीचं पाणी सोडून, साठच्या वेगाने घरी परतलो. दुसऱ्या दिवशी बाबांना सगळं जसंच्या तसं पुन्हा भरायचं होतं. मी वैतागले, पण ते म्हणाले, मोजल्याशिवाय काय चुकलं ते कसं कळणार. तसंच भरून आधी वजनकाट्यावर गेलो. ट्रेलर सोडवून एकटा काट्यावर ठेवला, 1,060 किलो. गाडीला जोडून फक्त त्याची चाकं काट्यावर ठेवली, 1,000. म्हणजे नाकावर साठच्या आसपास. पण मोठा काटा 20-20 किलोच्या टप्प्याने दाखवतो, त्यामुळे बाबांचं समाधान होईना.

मग घरी न्हाणीघरातला वजनकाटा बाहेर आला. तो 150 किलोपर्यंतच मोजतो, आणि नाकावर नक्की किती भार येईल ते ठाऊक नसताना थेट त्यावर ठेवायला बाबा तयार नव्हते. त्यांनी एक जाड फळी घेतली. फळीचं एक टोक विटांवर, दुसरं टोक काट्यावर, दोन्हींखाली लोखंडी नळीचा एकेक तुकडा, म्हणजे टेकू नेमका कुठे आहे ते कळावं. दोन टेकूंमधलं अंतर 90 सेंटिमीटर. विटांच्या बाजूपासून 30 सेंटिमीटरवर खडूने रेघ मारली आणि त्या रेघेवर लाकडाचा ठोकळा उभा केला, इतक्या उंचीचा की कपलर त्यावर टेकला तरी ट्रेलर सपाट राहील. ट्रेलरच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावले. नुसत्या फळीचा आणि ठोकळ्याचा काट्यावर आकडा आला 3 किलो, तो वहीत लिहिला. मग पुढच्या जॅकचा दांडा हळूहळू फिरवत नाक ठोकळ्यावर उतरवलं, जॅकचं चाक जमिनीपासून सुटेपर्यंत. काटा म्हणाला 23.7. त्यातून 3 वजा, 20.7. भार एक तृतीयांशावर आहे म्हणून गुणिले तीन. 62 किलो.

1,060 ला 62 म्हणजे सहा टक्केसुद्धा नाहीत. गाडीची मर्यादा, ट्रेलरची मर्यादा, हिचची मर्यादा, सगळे आकडे आत होते आणि तरी आम्ही त्या उतारावर झुलत होतो.

त्या दिवशी बाबांनी वहीत जे गणित मांडलं ते मला इथे द्यावंसंच वाटतं. बॉलपासून ट्रेलरच्या चाकांपर्यंत 3 मीटर. सायकली आणि स्टँड मिळून 40 किलो, चाकांच्या मागे 2.6 मीटरवर. म्हणजे त्यांनी नाक उचललं 40 गुणिले 2.6 भागिले 3, जवळजवळ 35 किलोने. पाण्याची टाकी 75 किलो, पण चाकांच्या मागे जेमतेम 80 सेंटिमीटरवर, म्हणून तिने उचललं 20. हत्यारांची पेटी 25 किलो, 2 मीटरवर, तिने 17. पाण्याच्या जवळपास निम्म्या वजनाच्या सायकलींनी पाण्यापेक्षा जास्त घात केला होता. आणि दुसरी गोष्ट, शेवटच्या टोकाला लटकवलेलं वजन नाक तर उचलतंच, शिवाय ट्रेलर एकदा झुलायला लागला की तेच वजन लंबकासारखं त्याला थांबू देत नाही. ठराविक वेगाच्या खाली प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा लहान होत जातो आणि आपोआप विरतो, त्या वेगाच्या वर तो मोठा होत जातो. तो वेग कुठे आहे हे सामान कसं भरलंय यावर ठरतं. पहिल्या सहलीत आम्ही त्याच्या बऱ्याच खाली होतो, म्हणून काही जाणवलं नाही. बंपरवर भार टाकू नये असं ट्रेलरच्या पुस्तिकेतही लिहिलेलं निघालं, मी ते पान कधी उघडलंच नव्हतं.

सायकली गाडीच्या टपावर गेल्या. टाकी रिकामी ठेवून वाटेपुरतं पाणी दहा-दहा लिटरच्या दोन कॅनमध्ये, बरोबर चाकांच्या वर. हत्यारांची पेटीही तिथेच, पलंगाखाली, पट्ट्याने बांधलेली. जड ते खाली आणि ॲक्सलपाशी, हलकं ते दोन्ही टोकांना. वरच्या कपाटांत फक्त कपडे आणि उशा. वहीतल्या गणिताप्रमाणे नाकावर 134 यायला हवे होते. पुन्हा फळी मांडली. 46.7 वजा 3, गुणिले तीन, 131. बाबांनी चष्मा काढून पुसला आणि आकडा दोनदा अधोरेखित केला. ट्रेलरचं एकूण वजन काट्यावर 960 आलं, म्हणजे साडेतेरा टक्के. गाडीच्या 480 मध्ये आम्ही तिघं, टपावरच्या सायकली, डिकी आणि हे 131 धरूनही जागा उरत होती.

आठवड्याने पुन्हा निघालो, त्याच रस्त्याने. मला भीती वाटत होती आणि मी ती बोलून दाखवली. उताराच्या आधी गिअर खालचा घेतला, वेग 80 च्या वर जाऊ दिला नाही. ट्रक आला. गाडीला एक धक्का जाणवला, आरशात ट्रेलरची कड बोटभर सरकली आणि परत जागेवर आली. बस. तेवढंच. दुसरा ट्रक आला तेव्हा मी आरशात पाहायला विसरले.

त्या सहलीत आणखी एक गोष्ट घडली, ती नवख्यांसाठी सांगते. तिसऱ्या दिवशी सकाळी मी ट्रेलर जोडला, कपलरची कडी खाली पाडली, पिन घातली, साखळ्या, तार, विजेची जोडणी, सगळं केलं. बाबांनी शिकवल्याप्रमाणे शेवटी जॅकने नाक दोन बोटं वर उचललं. कपलरने बॉल पकडला असेल तर गाडीचं मागचं टोकही त्याबरोबर वर येतं. गाडी जागची हलली नाही, कपलर एकटाच वर आला. कडी बॉलच्या खाली जायच्या ऐवजी बॉलवर टेकून बसली होती, आणि पिनही घातली गेली होती. डोळ्यांना सगळं बरोबर दिसत होतं. तेव्हापासून ही उचलून पाहण्याची पायरी मी कधीच टाळत नाही, कितीही पाऊस असला तरी.

मुक्कामाला पोहोचल्यावरचा क्रमही एकदा अंगवळणी पडावा लागतो. आधी गाडीला जोडलेला असतानाच खालच्या बाजूच्या चाकाखाली फळ्या घालून डावी-उजवी पातळी साधायची, मग चाकांना ठोकळे, मगच सोडवायचं, आणि मग जॅकने पुढची-मागची पातळी. कोपऱ्यांचे चार पाय सगळ्यात शेवटी. ते हलू नये म्हणून असतात, उचलायला नाहीत. ठोकळ्यांच्या आधी कपलर सोडवला तर जरा उतार असला की ट्रेलर निघाला. आम्ही थांबतो तेव्हा दर वेळी आई ठोकळे घेऊन आधीच खाली उतरलेली असते, आणि ती "लावले" म्हणेपर्यंत मी कडीला हात लावत नाही.

वाटेत प्रत्येक थांब्यावर मी दोन्ही चाकांच्या मध्यभागी हात लावून पाहते. कोमट असावं आणि दोन्हीकडे सारखं असावं. एक बाजू जास्त तापली तर बेअरिंग किंवा ब्रेक अडकलाय. नवीन टायर बसवल्यावर पहिल्या शंभर किलोमीटरच्या आत नट टॉर्क पान्याने पुन्हा आवळले, दोन नट पाव वळसा फिरले.

मालकीणबाईंच्या सीलंटच्या तारखांखाली आता बाबांच्या अक्षरात आकड्यांची दुसरी ओळ सुरू झाली आहे. 62 च्या भोवती गोल. मग 131, 127, 134. परवा आईने तिची शिवणाची मशीन बरोबर घ्यायचं ठरवलं, तिचं लाकडी झाकण धरून 14 किलो. मी ती मागच्या कप्प्यात सरकवत होते. आईनेच अडवलं. "अगं, मागे नको," ती म्हणाली, "उलाळ होईल." मशीन चाकांच्या वरच्या जागी ठेवली, बाबा फळी आणायला गेले.